पळसबोडीची भिंत

पंचफुलाबाई रामटेके ब्याऐंशी साली मोहाडीला मुख्यसेविका म्हणून बदलून आल्या, तेव्हा मी तिथल्या पंचायत समितीत कारकून होतो. पहिल्याच महिन्यात एका सरपंचानं त्यांची तक्रार केली. बाई गावात आल्या की आमच्या घरी चहाला येत नाहीत, थेट गावाच्या शेवटच्या घरी जातात आणि चुलीवरच्या गंजावरचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते पाहतात, अशी ती तक्रार होती. मी बाईंना विचारलं, हे खरं आहे का? त्या म्हणाल्या, खरं आहे. आणि त्यात काय चुकलं, असं त्यांनी मलाच विचारलं.

पुढच्या तीन-चार वर्षांत दौऱ्यावर जाता-येता त्यांनी मला पळसबोडीची हकीकत सांगितली. कधी जीपमध्ये, कधी बाजाराच्या दिवशी झाडाखाली थांबून. काही भाग श्यामरावांकडून कळला. ते एकाहत्तर साली नायब तहसीलदार होते आणि पळसबोडीचा निर्वासितांचा कॅम्प त्यांच्याच ताब्यात होता.

बाई मूळच्या एकोडीच्या. वडील भोजराज धानाच्या गिरणीत हमाल होते. छप्पन साली ते दीक्षा घेऊन आले आणि आल्याबरोबर, शाळेतून काढून घेतलेल्या पंचफुलेला त्यांनी पुन्हा शाळेत बसवलं. मुलीला प्रत्येक गोष्टीत ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारायची खोड होती. गुरुजी वैतागायचे, वडील मात्र कधी वैतागले नाहीत. अठराव्या वर्षी तिचं अड्याळला लग्न झालं. दोन वर्षांत नवरा विषमज्वरानं गेला. ती माहेरी परतली, वडिलांनी तिला ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला धाडलं, आणि साकोलीकडच्या खेड्यांत तिची नोकरी सुरू झाली.

एकाहत्तर साली पूर्व बंगालात कत्तल सुरू झाली आणि तिकडची माणसं लाखोंनी सरहद्द ओलांडून आली. सरहद्दीवरची गावं भरली तेव्हा सरकारनं त्यांतल्या काहींना आगगाडीनं आत, दूर पाठवायला सुरुवात केली. तीनशेवीस कुटुंबं गोंदियाला उतरली, तिथून छोट्या गाडीनं सौंदडला आणि सौंदडहून बैलबंड्यांनी पळसबोडीला. पळसबोडी म्हणजे एक लहान तळं, त्याच्या काठची पडीक जमीन आणि एक मातीच्या भिंतींची शाळा. पुढं सडक, मागं तळं, आणि मधल्या उतारावर तंबूंच्या अकरा रांगा लागल्या.

बायका-मुलांकडे पाहायला म्हणून ऑगस्टमध्ये पंचफुलाबाईंना तिथं पाठवलं. तीस वर्षांच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मोजलं नाही, लिहिलं नाही, नुसत्या हिंडल्या. सडकेवर गाड्या येत होत्या. सरकारी ट्रकमधून तांदूळ यायचा. मिशनच्या दवाखान्याची गाडी यायची, तिच्यात औषधं आणि दुधाची पावडर. गोंदियाच्या व्यापाऱ्यांची एक मदत समिती होती, तिचे बाबुलालशेठ स्वतः येऊन आटा आणि पावडरचे डबे देत. नागपूरच्या महिला मंडळाच्या बायका लुगडी आणि पोरांचे कपडे आणत. शिवाय एक परदेशी संस्था होती. तिचा उंच, लाल तोंडाचा साहेब ब्लँकेटं आणि तोही पावडरचेच डबे वाटायचा.

इतकं सगळं येत होतं आणि पोरं तरी जुलाबानं गळत होती. हे कसं, हे बाईंना समजेना.

पहिल्या रांगेत त्यांना निबारण मंडल भेटले. साठीचे, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे. तरुणपणी कलकत्त्याच्या ज्यूटमिलमध्ये काम केल्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. बाईंनी त्यांना सोबत घेतलं आणि आधी एक बंगाली वाक्य शिकून घेतलं: ‘की रेंधेछो?’ म्हणजे काय रांधलंस? तेवढ्या एका वाक्यावर त्या तंबूतंबूत शिरल्या. त्यांचा उच्चार ऐकून बायका हसायच्या आणि झाकण उचलून दाखवायच्या.

गंजांमध्ये जे दिसलं ते कोणत्याच कागदावर नव्हतं. आटा कोणाला लाटता येत नव्हता. त्याचे गोळे करून पाण्यात उकडलेले होते आणि पोरं ते थुंकून टाकत होती. सरकारी तांदूळ अरवा, म्हणजे साधा; या लोकांची सवय उसन्या, उकडून मग कांडलेल्या तांदळाची. त्यांचं पोट त्याच्यावर भरत नव्हतं. दुधाची पावडर तळ्याच्या कच्च्या पाण्यात कालवलेली, कारण पाणी उकळायला सरपण नव्हतं. जुलाबाचं कारण त्या पातेल्यांतच होतं.

आठव्या रांगेपासून पुढं तर गंजच नव्हते. पावसानं मधला उतार गुडघाभर चिखल झाला होता. प्रत्येक गाडी सडकेवर थांबायची आणि प्रत्येक संस्था गाडीजवळ येईल त्याला द्यायची. शेवटच्या रांगेत, तळ्याच्या कडेला, मानदा नावाची बाई लुगड्याचं छप्पर करून बसली होती. मांडीवर बारा दिवसांचं मूल. तिच्याकडे ना ब्लँकेट, ना पातेलं. निबारणबाबूंनी विचारून सांगितलं की तिचा नवरा वाटेत वारला आणि सरकारी यादी घरच्या पुरुषाच्या नावानं होती. तिला कार्डच मिळालं नव्हतं. मग ती खाते काय? शेजारीण भाताची पेज देते. शेजारणीकडे तरी कार्ड आहे का? आहे, पण तिची पोरं तापात आहेत, रांगेत उभं राहायला तिला जाता येत नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी श्यामरावांना हे सगळं सांगितलं. श्यामराव माणूस वाईट नव्हते, पण चार संस्थांनी त्यांना पिळून काढलं होतं. प्रत्येकीची यादी वेगळी, प्रत्येकीला आपला फलक पुढं हवा, आणि एकीला दुसरीचं नाव निघालेलं खपत नव्हतं. ते म्हणाले की तुमचं काम बायका-पोरांपुरतं आहे, वाटपाच्या भानगडीत पडू नका.

“बायका-पोरंच उपाशी हायेत ना साहेब,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या कामाची परवानगी मागितली असती तर मी नाहीच म्हटलं असतं, असं श्यामरावांनी मला पुढं हसत सांगितलं. पण बाईंनी मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेची आतली लांब भिंत शेणानं सारवली. सुकल्यावर चुन्यानं अकरा आडव्या रेघा काढल्या, रेघांवर तीनशेवीस ठिपके. पुढचे चार दिवस त्या आणि निबारणबाबू शेवटच्या रांगेपासून सुरुवात करून तंबूतंबूत गेले. कोणाला काय मिळालं ते विचारायचं आणि येऊन ठिपक्याजवळ बोट उठवायचं. ब्लँकेटला गेरू, दुधाला चुना, कपड्याला काजळी, औषधाला निळीचं बोट. दिवाळीत बाया भिंत रंगवतात तसंच, असं बाईंनी मला समजावून सांगितलं.

पाचव्या दिवशी भिंत पुरी झाली. वाचता न येणाऱ्यालाही ती कळत होती. सडकेजवळच्या तीन रांगा रंगांनी गजबजलेल्या, एकेका ठिपक्याभोवती तीन-तीन गेरूची बोटं. खाली येता येता रंग विरळ होत गेलेले. शेवटच्या तीन रांगांवर नुसते पांढरे ठिपके.

त्या आठवड्यात जी जी गाडी आली तिच्यातल्या माणसाला बाईंनी आधी शाळेत नेलं. बाबुलालशेठ भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, आमच्या आट्याचं बोट कुठं आहे? बाई म्हणाल्या, आटा खाल्लाच गेला नाही, म्हणून उठवलं नाही. शेठजींना राग आला. त्या त्यांना बाहेर घेऊन गेल्या आणि उकडलेला गोळा त्यांच्या हातावर ठेवला. शेठजींनी तो चाखला. मग या लोकांना हवं तरी काय, असं त्यांनी विचारलं. उसना तांदूळ, असं कळल्यावर ते कपाळाला हात लावून बसले. त्यांच्या स्वतःच्या गिरणीत उसना निघत होता. तो सगळा वाघिणी भरून दक्षिणेकडे जायचा, आपल्याकडे कोण खातो म्हणून त्यांना तो कधी सुचलाच नव्हता.

परदेशी साहेब मात्र भिंत मानेना. त्याच्याकडे अंगठ्यांचे ठसे घेतलेली छापील यादी होती, आणि त्या यादीप्रमाणे सगळ्यांना ब्लँकेटं पोचली होती. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनाही आपलं वाटप दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. सगळे हजर होते तो दिवस पाहून त्यांनी एवढंच म्हटलं:

“आज मागून सुरू करू. चला माह्यासंगं.”

साहेब बूट घालून उतरला आणि चौथ्या रांगेपाशी बूट चिखलात राहिले. अध्यक्षीणबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. मिशनच्या सिस्टर केरळच्या होत्या, चिखलाची सवय असलेल्या. त्या सगळ्यांच्या पुढं निघून गेल्या. मानदाच्या छपराखाली साहेब वाकून आत पाहत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं दुभाष्याला काहीतरी सांगितलं. दुभाषा म्हणाला, साहेब विचारतात, रोज किती वाजता भेटायचं?

रोज सकाळी आठला शाळेत भेटायचं ठरलं. तिथं खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे कोणाची खुर्ची पुढं हा प्रश्न मिटला. सगळे भिंतीपुढं उभे राहायचे. पंधरा दिवसांत रीत बसली. दूध कोरडं वाटणं बंद झालं. पावडर मिशनची आणि साहेबाची, मोठी पातेली बाबुलालशेठची, सरपण तहसीलचं, आणि पोरांनी तिथंच बसून प्यायचं. वाटपाचे दिवस सोळा कुटुंबप्रमुख बायकांसाठी वेगळे लागले, कारण मानदासारख्या पंधराजणी आणखी निघाल्या होत्या. श्यामरावांनी त्या सोळाजणींची कार्डं स्वतःच्या सहीनं काढली. वरून विचारणा झाली तर काय सांगायचं, ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. विचारणा झालीच नाही.

ऑक्टोबरात जुलाब आटोक्यात आले. मानदाचं मूल बाळसं धरू लागलं. जिल्ह्याचे अधिकारी भिंत पाहायला आले, भंडाऱ्याहून एक वार्ताहर आला. निबारणबाबूंनी कुठूनसा सुताचा दोरा मिळवून जाळी विणायला घेतली होती. बोडीतले, म्हणजे त्या तळ्यातले, मासे मिळू लागल्यापासून पहिल्या रांगांमध्ये संध्याकाळी माशांचा वास यायचा. सगळं ठीक चाललं होतं, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची चूकही त्याच दिवसांत सुरू झाली. त्या तंबूंमध्ये कमी जाऊ लागल्या. भिंतीवर सगळं दिसतच होतं.

तीन डिसेंबरला लढाई जाहीर झाली. दुसऱ्या दिवसापासून मालाच्या वाघिणी लष्कराकडे वळल्या. नागपूरहून येणारं सामान नागपुरात, गोंदियाचं गोंदियात अडकलं. आणि त्याच आठवड्यात झाडीपट्टीतली थंडी पडली, जी पहाटे तळ्यावर धुरासारखी उतरते. सकाळी आठला भिंतीपुढं उभं राहून प्रत्येकानं आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही ते सांगितलं. शेठजींकडे तांदूळ होता, ट्रक नव्हता. साहेबाचा ट्रक होता, डिझेलचा परवाना नव्हता. परवाना श्यामराव देऊ शकत होते. महिला मंडळानं नागपुरात शिवलेल्या गोधड्या तयार होत्या, आणायला कोणी नव्हतं. चार महिन्यांपूर्वी हेच लोक एकमेकांचं नाव घेत नव्हते. त्या दिवशी अर्ध्या तासात ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी ट्रक तांदूळ, गोधड्या आणि ब्लँकेटं घेऊन पळसबोडीला आला.

एकूण शंभरेक पांघरुणं होती. तीनशेवीस घरांना ती पुरणार नव्हती. कोणाला द्यायची, हे विचारायला सगळे बाईंकडे वळले. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. पुढच्या तीन रांगांजवळ गेरूची तीन-तीन बोटं होती, मागं एकेक. त्यांनी पांघरुणं मागच्या रांगांना दिली. कोणी हरकत घेतली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मानदा मूल काखेत घेऊन शाळेत आली. एव्हाना तिला तोडकंमोडकं हिंदी येऊ लागलं होतं. निबारणबाबू रात्रीपासून उठत नाहीत, छातीत घरघरतं, असं तिनं सांगितलं. बाई पळत गेल्या. निबारणबाबू पेंढ्यावर पडले होते आणि अंगावर पोत्याचा एक तुकडा होता. सिस्टरांची गाडी बोलावली. गाडी आली, सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. बाईंनी तंबू उलथापालथा केला, ब्लँकेटं कुठं आहेत म्हणून.

“काहून? तीन होते तुमच्यापाशी,” त्या निबारणबाबूंना म्हणाल्या. भिंतीवर तिन्ही बोटं बाईंनीच उठवली होती, ती उठवताना निबारणबाबू शेजारी उभे होते.

त्यांना बोलता येत नव्हतं. उत्तर मानदानं दिलं. दोन ब्लँकेटं त्यांनी सप्टेंबरातच सौंदडच्या बाजारात देऊन सूत आणलं होतं. त्या सुताची जाळी, त्या जाळीतले मासे पोरांना. तिसरं त्यांनी सातव्या रांगेतल्या एका बाळंतिणीला दिलं होतं. पुढच्या रांगांतल्या बऱ्याच घरांनी असंच काही काही केलं होतं. कोणी ब्लँकेटावर पातेलं घेतलं होतं, कोणी उसना तांदूळ.

“मग मले सांगितलं काहून नाही?”

मानदा म्हणाली, “दीदी, आप पूछती थी, क्या मिला. क्या बचा है, ये तो पूछा नहीं.”

निबारणबाबू त्याच दिवशी दुपारी गेले. बोडीच्या काठावर त्यांना अग्नी दिला.

हे सांगताना बाई रडल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या की मला त्या दिवशी दुःखापेक्षा लाज जास्त वाटली. ज्या माणसाच्या सोबतीनं मी तीनशेवीस घरांना विचारलं, त्याच्या घरात मीच कधी झाकण उचललं नव्हतं. तो रोज सोबत असायचा म्हणून त्याचं बरं चाललंय असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठच्या बैठकीत सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. श्यामराव त्यांना थांबवायला पाहत होते. वार्ताहर, अधिकारी, नाव झालेलं, उगाच कशाला, असं त्यांना वाटत होतं. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर शेणाचा हात फिरवून सगळे रंग बुजवले आणि ठिपके नव्यानं काढले. या वेळी चारही संस्थांची आणि तहसीलची माणसं वाटून घेतलेल्या रांगांमध्ये स्वतः गेली. प्रश्न एकच होता: आता घरात काय आहे? साहेब पहिल्या रांगेत गेला, आणि अध्यक्षीणबाई ‘की रेंधेछो’ म्हणत तिसऱ्या. संध्याकाळपर्यंत कळलं की पांघरूण नसलेली त्रेसष्ट घरं आहेत आणि त्यांतली अर्धी सडकेजवळची आहेत. साहेबानं आपल्या माणसांच्या बिछान्यातली ब्लँकेटंसुद्धा काढून दिली. बाबुलालशेठनी गिरणीतली रिकामी पोती धुऊन, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, थरांनी भरून पाठवली. एकोडी आणि आसपासच्या गावांतून बायांनी जुन्या गोधड्या दिल्या. त्या मागायला बाई स्वतः घरोघर गेल्या होत्या. त्यानंतर थंडीनं कोणी गेलं नाही.

सोळा डिसेंबरला लढाई संपली. कॅम्पात रेडिओभोवती माणसं रडत होती, हसत होती. फेब्रुवारीत लोक परत निघाले. सौंदडच्या फलाटावर मानदानं मूल बाईंच्या हातात दिलं, गाडीत चढली आणि मग खिडकीतून घेतलं.

बाईंनी त्यानंतर कधी भिंत रंगवली नाही. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात त्यांना कामांवर पाठवलं तेव्हा एका अधिकाऱ्यानं पळसबोडीसारखी भिंत करा असं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, करते, पण दर आठ दिवसांनी पुसायची असेल तर. अधिकाऱ्याला ते जमण्यासारखं वाटलं नाही. मग त्यांनी कागदावर यादी ठेवली आणि दर आठ दिवसांनी ती नव्यानं लिहिली.

चौऱ्याहत्तर साली एकोडीच्या पत्त्यावर बांगलादेशातून एक पत्र आलं. बंगालीत होतं. गावात कोणालाच वाचता येईना. बाईंना ते काय असेल याची इतकी उत्सुकता लागली की त्या रजा टाकून अर्जुनी-मोरगावकडे गेल्या. तिथं बंगाली निर्वासितांच्या वसाहती होत्या. तिथल्या एका शिक्षकानं पत्र वाचून हिंदीत सांगितलं. पत्र मानदानं गावातल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. घर उभं राहिलंय, मुलगा चालतो, बोलतो, पुरात एक गाय गेली, असं सगळं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं: दीदी, तुम्ही आम्हाला इतकं विचारलंत, आम्ही तुम्हाला काहीच विचारलं नाही. तुमच्या घरी कोण कोण आहे? तुम्ही कपाळावर काही लावत नव्हतात. तुमचे मालक होते का? कसे गेले?

“मग काय लिहिलं तुम्ही?” मी विचारलं.

आम्ही जीपमध्ये होतो, मोहाडीकडे येत होतो. बाईंनी सांगितलं की त्या शिक्षकाच्या ओसरीवर बसून त्यांनी तीन पानं सांगितली आणि त्यानं ती बंगालीत उतरवली. नवऱ्याचं नाव गोमाजी होतं. तो अड्याळच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचा आणि काम करताना शीळ वाजवायचा. ताप आला तेव्हा घरच्यांनी आठ दिवस त्याला पवनीच्या दवाखान्यात नेलं नाही, आणि मी नवी सून म्हणून बोलले नाही. हे सगळं मी चौदा वर्षांत कोणापाशी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. बाईंनी आणखी दोन पत्रं टाकली, त्यांचंही आलं नाही. पोचली की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही. शहाऐंशी साली त्यांची बदली अड्याळला झाली, सासरच्या गावी. जायला तयार आहात का, असं मी जरा अडखळतच विचारलं. हाव, म्हणाल्या. त्या बाजारात आता सायकली कोण दुरुस्त करतो, ते त्यांना पाहायचं होतं.